देवाचे रान आणि गावाची पंचायत

(पवन मावळातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे-मुंबई महामार्गावर सोमाटणे फाट्यावरून आत वळले की परंदवडी लागते. या गावाला आज कोणी दुर्गम म्हणणार नाही. द्रुतगती मार्ग जवळून जातो, तळेगाव हाकेच्या अंतरावर आहे आणि आसपासच्या शिवारात भाताच्या खाचरांच्या जोडीला हरितगृहांतील गुलाबही फुलू लागले आहेत. फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या फुलांत मावळच्या गुलाबाचा वाटा मोठा असतो, हे आता सर्वश्रुत आहे. तथापि, ज्या पवनेच्या खोऱ्यात परंदवडीची जमीन पडते त्या नदीचा उगम पाहावयाचा झाल्यास पश्चिमेकडे, लोणावळ्याच्या दक्षिणेस असलेल्या सह्याद्रीच्या माथ्याकडे जावे लागते. खोऱ्याच्या त्या वरच्या टोकास आजिवली नावाचे एक लहान गाव आहे. परंदवडी आणि आजिवली ही दोन्ही गावे एकाच तालुक्यातली आणि एकाच खोऱ्यातली. असे असूनही एका गावचा मनुष्य दुसऱ्या गावी गेला तर पावसाळ्यात तो वेगळ्याच मुलखात आल्यासारखा गोंधळून जाईल, इतका या दोन टोकांतील फरक मोठा आहे.

हा फरक पावसाने घडविला आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून अवघ्या ६४ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येऊन थांबतो. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या कमी अंतरात पर्जन्यमान असे उतरत जाते. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार माथ्यावरच उतरवितात. पूर्वेकडे जे पोहोचते ते उरलेसुरले. मावळ तालुक्याची तीन खोरी, म्हणजे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ, या उतरत्या पावसाच्या पट्ट्यांवर आडवी पसरलेली आहेत. म्हणूनच एकाच खोऱ्यात वरच्या अंगाला सदाहरित झाडी, मधल्या अंगाला भात आणि खालच्या अंगाला बाजरी-हरभरा असे चित्र पूर्वापार चालत आले.

माथ्यावरच्या या झाडीला वर्षावन म्हणावे की नाही, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञ थोडे काटेकोर असतात. केरळात किंवा आग्नेय आशियात पाऊस वर्षाचे बहुतेक महिने पडत राहतो. सह्याद्रीच्या या भागात तो चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढे सात-आठ महिने आभाळ कोरडे असते. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. अशा ठिकाणी झाडाने वर्षभर हिरवे राहावे हे खरे तर आश्चर्य होय. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा यांसारखी झाडे ते साध्य करतात, कारण त्यांच्या दाट सावलीत ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेला पालापाचोळा पाणी धरून ठेवतो. पानावर पडलेला थेंब फांदीवर, फांदीवरून खोडावर आणि खोडावरून पाचोळ्यात असा पायरीपायरीने उतरतो. त्याचा मार बसत नाही आणि तो वाहून जाण्याऐवजी मुरतो. झाडी गेली की तोच पाऊस मातीला घेऊन खाली येतो, कातळ उघडा पडतो आणि मग तेथे कारवी आणि गवत यांखेरीज फारसे काही उगवत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचे कौतुक करण्यासाठी शहरातून माणसे येतात. कारवीचे कूड सारवून घरे उभारणाऱ्या माणसाला मात्र तिचे रान पसरले म्हणजे जुने रान मागे हटले, हे सांगावे लागत नाही.

असे जुने रान मावळात आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे आणि जेथे उरले तेथे ते बहुधा देवाच्या नावाने उरले आहे. आजिवलीची वाघजाईची देवराई ही त्यांपैकी एक होय.

देवराई म्हणजे काय, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. तरीही तिचे नियम किती कडक असत, याची आठवण करून देणे अस्थानी होणार नाही. देवीच्या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, एवढाच तो नियम नव्हता. वाळून पडलेले लाकूडही घरच्या चुलीसाठी उचलावयाचे नाही, पाला तोडावयाचा नाही, काही ठिकाणी तर चपला घालून आत जावयाचे नाही. मंदिराच्या तुळईसाठी किंवा गावावर आलेल्या एखाद्या मोठ्या आपत्तीनंतर घरे उभारण्यासाठी लाकूड लागलेच, तर देवीला कौल लावावा आणि कौल मिळाल्यावरच गावकीने मिळून ते घ्यावे. म्हणजे रानाचा उपयोग वर्ज्य नव्हता. वर्ज्य होता तो एकट्यादुकट्याने, कोणाला न विचारता केलेला उपयोग. आजच्या भाषेत ज्याला सामूहिक व्यवस्थापन म्हणतात त्याचेच हे जुने रूप होय. फक्त त्या समितीचे अध्यक्षपद वाघजाईकडे होते आणि तिच्या निर्णयावर अपील नव्हते.

या रानांचे मोल विद्वानांच्या ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला. प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे जिल्ह्यातील आणि विशेषतः मावळातील पायवाटा तुडविल्या. कार्ले, भाजे, बेडसे या लेण्यांच्या परिसरातील शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची त्यांनी नोंद केली. या ग्रामदेवतांची ठिकाणे जुन्या व्यापारी वाटांवर आणि चौकांवर वसलेली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या देवतांचा विचार आहे. कोसंबींची दृष्टी इतिहासकाराची होती. वनस्पतींच्या दृष्टीने या रानांकडे पाहिले ते डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी. सत्तरच्या दशकात या दोघांनी सह्याद्रीतील देवराया हिंडून पाहिल्या आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रातील २३३ देवरायांची यादी प्रसिद्ध केली. ही यादी अर्थातच अपुरी होती. पुढे अभ्यासकांनी तीत शेकड्यांनी भर घातली. परंतु ‘अंधश्रद्धेचे अवशेष’ म्हणून ज्यांकडे शिकलेली माणसे पाहत होती ती राने म्हणजे मूळच्या जंगलाचे जिवंत नमुने आहेत, हे त्या यादीने प्रथम ठसठशीतपणे दाखविले.

त्या अभ्यासातील एक हकीकत अधिकारीवर्गाने ध्यानी ठेवावी अशी आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी देवाच्या रानात गारंबीचा एक प्रचंड वेल होता. जनावरास सर्पदंश झाला की त्या वेलीच्या सालीचा उपयोग होतो, अशी समजूत असल्याने दूरदूरच्या गावांतून लोक ती साल नेण्यास येत. रान तोडले जाण्याची वेळ आली तेव्हा ते वाचावे म्हणून धडपड केली ती गावकऱ्यांनीच. वेलीचा औषधी गुण शास्त्राच्या कसोटीस किती उतरतो हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा, की रानाची राखण करण्याची इच्छा गावात जिवंत होती. कागदोपत्री मात्र त्या इच्छेची कोठेही नोंद नव्हती.

देवरायांच्या बाहेरचे रान कोठे गेले, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १८७८ च्या वनकायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने जंगलाचा मोठा भाग सरकारी झाला आणि गावाची त्याच्याविषयीची आपुलकी आटली, हा त्यातील एक भाग. मुंबई आणि पुणे या शहरांची कोळशाची भूक हा दुसरा. स्वयंपाकाचा गॅस घरोघर पोहोचण्यापूर्वी या दोन शहरांच्या शेगड्या सह्याद्रीच्या कोळशावर पेटत असत. शेजारच्या मुठेच्या खोऱ्यात पानशेतचे धरण बांधण्यासाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी डोंगरात शिरले. जमीन बुडणारच म्हटल्यावर लोकांनी मालकीतली झाडे मिळेल त्या किमतीस विकली. ते धरण १९६१ साली फुटले, त्याची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. वरच्या डोंगरांवरचे जे रान त्या काळात नाहीसे झाले त्याची कहाणी मात्र फारशी कोणी सांगत नाही.

मावळाच्या पाण्याचीही अशीच एक दीर्घ कथा आहे. माथ्यावरचा पाऊस अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडावा आणि त्या पडत्या पाण्यावर वीज काढून मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही कल्पना टाटांनी प्रत्यक्षात आणली. १९१५ मध्ये खोपोलीचे, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. त्यासाठी वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही धरणे झाली. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात केलेला सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या जगातील आरंभीच्या लढ्यांत गणला जातो. पुढे पवनेवरही धरण झाले आणि सत्तरच्या दशकात त्याचे पाणी खाली येऊ लागले. आज पिंपरी-चिंचवड हे महानगर प्रामुख्याने याच पाण्यावर जगते. धरणाखालच्या शेतकऱ्याचे कालव्याविना नदीतून उपसून भागले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळला. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नदीतून पाणी वाहते राहावे की नळातून जावे, हा वाद वरवर पाहता अभियांत्रिकीचा वाटतो. खोऱ्यातील माणसाला तो तसा वाटत नाही, हे त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन स्पष्ट झाले.

या सर्व कथेत वरच्या रानाचा उल्लेख क्वचितच होतो. पाण्याची वाटणी कशी करावी यावर गावे आणि शहरे भांडतात, परंतु पाणी आणि गाळ यांचे प्रमाण ठरते ते वरच्या उतारावर. आजिवलीच्या रानासारखी राने क्षेत्राने अगदी लहान असतात. त्यांच्यामुळे पवनेला महापूर येत नाही किंवा नदी आटत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अशा रानांच्या पोटात बहुधा एखादा झरा किंवा टाके असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी भोवतालच्या वस्तीला तेच हंडाभर पाणी देते. शिवाय, उजाड उतारावर पुन्हा झाडी आणावयाची ठरवली, तर तिचे बी येणार कोठून? उत्तर हेच की या रानातून. अन्यथा रोपवाटिकेत सहज वाढते म्हणून ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल धाडता येतो. असे अहवाल कमी नाहीत.

आता आजिवलीच्या रानातील एका झाडाकडे वळू या, कारण देवराईचा आजचा प्रश्न या एका झाडात सापडतो. हे झाड म्हणजे भेर्ली माड. माशाच्या शेपटीसारखी पाने, सरळ कडेला अंगठ्या असलेला उंच बुंधा आणि घोड्याच्या शेपटीसारखे खाली लोंबणारे फुलांचे झुपके, असे याचे रूप असते. लग्नमंडपाच्या शोभेसाठी त्याची झावळे सर्वत्र मागितली जातात. आजिवलीच्या देवराईत हे माड मोठ्या संख्येने आहेत आणि गावकरी त्यांची माडी काढतात. श्रीलंकेत याच झाडाला कितुल म्हणतात. तेथे त्याच्या गोड रसापासून काकवी आणि गूळ बनविला जातो आणि त्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. म्हणजे आजिवलीकर करतात ते काही विपरीत नव्हे. देवाच्या रानाने गावाला चार पैसे द्यावेत आणि त्या पैशामुळे गावाने रान राखावे, हा व्यवहार सरळ आहे. रान राखा, परंतु त्यातून काहीही घेऊ नका, असा उपदेश करणे शहरात बसून सोपे असते.

अडचण निसर्गाच्या एका नियमात आहे. भेर्ली माड नारळासारखा वर्षानुवर्षे फळत नाही. तो आयुष्याची दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ केवळ वाढतो आणि खोडात पिष्टमय साठा करीत राहतो. मग एके दिवशी शेंड्याला पहिली पोय येते. त्यानंतर दुसरी तिच्या खाली, तिसरी त्याहून खाली, अशा क्रमाने पोयी वरून खाली उतरत जातात. काही वर्षे हा क्रम चालतो. सर्वांत खालची पोय फळून गेली की झाड वाळते आणि मरते. बुंध्याला फुटवा येत नाही, मुळातून पिलू येत नाही. या झाडाच्या वंशासाठी एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे बी. माडी काढण्यासाठी पोय कापली की फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही. एखाद्या रानातील प्रत्येक फुलणाऱ्या माडाची प्रत्येक पोय कापली गेली, तर ते रान आणखी वीस-पंचवीस वर्षे माडांचे दिसेल, उत्पन्नही देईल आणि मग एकाएकी त्यात माड उरणार नाहीत. दोष द्यावयाचा झाल्यास त्या वेळी तो द्यावयास कोणी सापडणार नाही. चुकीची वर्षे आणि फळाची वर्षे यांत एका पिढीचे अंतर असेल.

या झाडाचे पिकलेले फळ मनुष्याच्या कामाचे नाही. हाताला लागले तरी खाज सुटते. परंतु उदमांजर ते आवडीने खाते आणि बी दूरवर टाकते. म्हणजे पोय राखली तर ती गावाबरोबर रानातील जनावरासाठीही राखली जाते आणि ते जनावर मोबदल्यात लागवड करून देते. यावर उपाय काय, असा प्रश्न साहजिक आहे. फुलोऱ्यावर आलेल्या माडांपैकी काही झाडे, उदाहरणार्थ दहांत दोन किंवा तीन, कोयता न लावता बीजासाठी सोडावीत. ती कोणती, हे वर्षाच्या आरंभी गावाने एकत्र बसून ठरवावे, त्यांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढावा आणि माडी काढणाऱ्याशी करार करताना ही अट त्यात घालावी. पूर्वी हेच काम देवीच्या कौलाने झाले असते. आज ते ग्रामसभेच्या ठरावाने करावे लागेल. कौल आणि ठराव यांत श्रेष्ठ कोणता, या वादात न पडता दोन्ही जोडीने वापरले तर बिघडत नाही. देवीच्या जत्रेच्या दिवशी झाडांना पट्टा ओढण्याचा कार्यक्रम ठेवला तर ठराव वाचून दाखविण्याचीही गरज उरणार नाही.

देवरायांना अन्य धोके आहेत ते थोडक्यात सांगता येतील. गावातून मुंबईस गेलेल्या मंडळींना चांगले दिवस आले, म्हणजे देवीला स्लॅबचे देऊळ बांधावे असे त्यांना वाटते. श्रद्धा चांगलीच. पण सभामंडपासाठी शंभर वर्षांची झाडे जातात आणि मग उघड्या जागेवर फरशी बसते. जलाशयाच्या काठाने बंगले आणि तंबूंची वस्ती वाढत आहे, तिच्यासाठी रस्ते आणि विजेचे खांब येतात. कडेने घाणेरी आणि रानमोडी आत शिरते. यांपैकी कोणतीही गोष्ट कुऱ्हाडीसारखी डोळ्यांवर येत नाही, हीच तिची वाईट बाजू होय.

भातशेतीचाही रानाशी जवळचा संबंध आहे. मावळात रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळावयाचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसाबरोबर भात पेरावयाचे, अशी ती पद्धत. १८८५ ते १८८७ या काळात मुंबई इलाख्यात वनविषयक चौकशीसाठी जो आयोग बसला त्याच्यासमोर राबाचा प्रश्न प्रामुख्याने होता. शेतकरी म्हणे, राबाशिवाय भात येत नाही. वनखाते म्हणे, राबाने जंगल जाते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. शंभर वर्षे हा तंटा कायद्याने सुटला नाही. तो थोडाबहुत सुटू लागला तो शेतीशास्त्राने. डॉ. सावंत यांनी पुढे आणलेल्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला तुसाच्या राखेचा, शेताला पेंढ्याचा आणि गिरिपुष्पाच्या पाल्याचा आधार दिला जातो, रोपे ठराविक अंतरावर लावतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मध्ये खोचतात. जे बांधावर पिकते त्यावर भागते, रानाच्या फांद्या उतरविण्याची गरज कमी होते. येथे गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया, उपयोगी ठरतो. तो बांधावर असावा, देवाच्या रानात नसावा, एवढेच.

याच संदर्भात वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या दोन वाणांच्या संकरातून या केंद्राने काढलेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. वास आंबेमोहराचा, उत्पन्न संकरिताचे, असा तो योग जुळला. मावळच्या बाहेर मावळचे नाव आज बहुतांशी या तांदळाने पोहोचते. वरच्या उतारावर नाचणी-वरईसाठी रान भाजणाऱ्या कुटुंबाचे खालच्या खाचरात भागू लागले, तर डोंगराला विसावा मिळतो, हा त्याचा एक न मोजलेला लाभ होय. अर्थात, ज्यांना खाचरच नाही त्यांचे काय? कातकरी समाजातील अनेक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. रानातील कंदमुळे, मध, औषधी पाला यांची सर्वांत बारीक माहिती या समाजाजवळ आहे आणि रानाच्या कारभारात सर्वांत कमी स्थानही त्यालाच आहे. माडाच्या कोणत्या झाडावर उदमांजर येते, हे ग्रामपंचायतीने त्यांना विचारावे.

आता कायद्याविषयी. देवराई ही जमीन कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. काही राने वनखात्याच्या नावे आहेत, काही महसूल खात्याच्या, काही देवस्थानाच्या, तर काही खासगी खातेदारांच्या. एकाच गावातील रानाचे दोन तुकडे दोन खात्यांत असणेही शक्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असली तरी जे वस्तुतः वन आहे त्याला वनसंवर्धनाचा कायदा लागू होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क पात्र गावांना दिला आणि दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो असे ठरविले. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. याच कायद्याखाली राज्य शासन स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून एखाद्या क्षेत्रास जैविक वारसास्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल देवाच्या नावाने राखली गेली होती. तिला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. तिचे क्षेत्र तीन हेक्टरही नाही. रान लहान आहे म्हणून त्याची दखल कोण घेणार, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

नोंदवही हा शब्द ऐकला की कारकुनी काम डोळ्यांपुढे येते, आणि अनेक ठिकाणी तसे झालेही आहे. दुसऱ्या गावच्या नोंदवहीतील झाडांची नावे उतरवून काढली, समितीच्या सह्या घेतल्या आणि वही कपाटात गेली. ही वही खऱ्या अर्थाने कोणी लिहू शकत असेल तर ते गावातील शाळा. पवन मावळातील विद्यार्थ्याला लोहगड, तुंग, तिकोना हे किल्ले ठाऊक असतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या दुर्गभूमीचा जागतिक वारसायादीत समावेश झाला, तीत लोहगड आहे, हेही त्याला शिक्षकांनी सांगितलेले असते. पण आपल्या देवीच्या रानात किती माड फुलावर आहेत, हे त्याला सांगता येत नाही, कारण ते कोणीच मोजलेले नाही. मोजणे अवघड नाही. वर्षातून एकदा, पावसाळा उघडल्यावर, वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांबरोबर रानातून एक फेरी मारावी. पोयीवर आलेले माड किती, त्यांपैकी कापलेले किती, पट्ट्याचे किती, गुडघ्याएवढी रोपे किती, एवढे चार आकडे लिहावेत. पाच वर्षांचे असे वीस आकडे हाती आले की ग्रामसभेस निर्णय घेण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही. तलाठी आणि वनरक्षक यांनी त्याच फेरीत रानाच्या हद्दीचे दगड पाहून घ्यावेत, आणि जेथे देवराई खासगी गटात आहे तेथे सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात तिचा उल्लेख होऊ शकतो काय, हे तहसील कार्यालयात विचारून ठेवावे. जमीन विकली गेल्यानंतर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो.

परंदवडीसारख्या खालच्या गावांनी यात काय करावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तोही रास्त आहे. नदीचे पाणी दोघांचे एकच आहे आणि नदीकाठी सावली हवी असेल तर जांभूळ, करंज, उंबर यांची रोपे विकत आणण्याऐवजी वरच्या गावांकडून बी घेता येईल. भेर्ली माडाचे बी मात्र खालच्या उष्ण आणि कोरड्या माळावर लावण्याचा हट्ट धरू नये. ते वरच रुजावे. रोपवाटिकेत लावावयाचे झाल्यास फळाचा गर हाताला न लावता राखेत किंवा वाळूत चोळून काढावा, बी सावलीत ओल्या मातीत पुरावे आणि धीर धरावा. कोंब वर येण्यास काही महिने लागतात. त्या काळात पिशव्या फुकट गेल्या असे समजून त्या उपटून टाकू नयेत. पहिले पान येते तेव्हा ते माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले असते, त्यावरून ओळख पटते.